बाहेरचा फ्लॅश चमकतो, पण फोटोत उजेडच नाही: कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचा नेहमीचा घोळ

लक्षण ओळखीचं आहे. कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचा अंगचा फ्लॅश चालू आहे. बाजूला स्टँडवर दुसरा फ्लॅश, ऑप्टिकल स्लेव्ह मोडवर, म्हणजे दुसऱ्या फ्लॅशची चमक दिसली की आपणही चमकायचं अशा सेटिंगवर. बटण दाबलं की दोन्ही चमकतात आणि डोळ्यांना अगदी एकदमच चमकल्यासारखे दिसतात. फोटोत मात्र बाहेरच्या फ्लॅशचा मागमूस नसतो. समोरून आलेला अंगच्या फ्लॅशचा सपाट उजेड, मागे काळोख. दहा-पंधरा फोटोंत एखाद्यात बाजूचा उजेड आलेला दिसतो, तोही फिका.

बहुतेक जण इथे फ्लॅशला दोष देतात, दुसरा फ्लॅश घेतात, आणि त्याच्याबाबतीतही तेच घडतं. फ्लॅश ठीक असतो. तो फक्त शटर उघडायच्या आधी चमकून मोकळा झालेला असतो.

असं का होतं

ऑटो फ्लॅशमध्ये कॅमेरा एकदा नाही, दोनदा चमकतो. पहिली बारीक चमक म्हणजे प्री-फ्लॅश. तो विषयावर, म्हणजे ज्याचा फोटो काढायचा त्यावर, आपटून परत येतो, कॅमेरा तो उजेड लेन्समधून मोजतो, त्यावरून मुख्य चमकीला किती पॉवर द्यायची ते ठरवतो आणि मग शटर उघडून खरी चमक टाकतो. दोन्हींत अंतर इतकं कमी असतं की डोळ्याला एकच झगमगाट दिसतो.

स्लेव्ह सेन्सरला मात्र यातलं काही कळत नाही. उजेडात अचानक उसळी आली की चमकायचं, एवढंच त्याला ठाऊक. प्री-फ्लॅश दिसला की तो फ्लॅशला इशारा देतो आणि चमकीसाठी वीज साठवणारा फ्लॅशचा कपॅसिटर रिकामा होतो. पुन्हा भरायला फुल पॉवरवर, चांगल्या सेलवरही, अडीच-तीन सेकंद लागतात. मुख्य चमक येते तेव्हा फ्लॅशमध्ये द्यायला काही उरलेलं नसतं.

अधूनमधून फिका उजेड येतो त्याचं कारणही हेच. १/३२ किंवा १/६४ पॉवरवर एका चमकीत कपॅसिटरचा थोडाच भाग खर्च होतो, त्यामुळे फ्लॅश प्री-फ्लॅशला एकदा आणि मुख्य चमकीला पुन्हा एकदा चमकू शकतो. यावरून कुणी ‘पॉवर कमी ठेवली की जमतं’ असा निष्कर्ष काढतात. जमतं, पण भरवशाचं नाही, आणि प्रत्येक फोटोला एक चमक वाया जाते.

पण तपासणीसाठी ही गोष्ट फार कामाची आहे. बाहेरचा फ्लॅश फुल पॉवरवरून १/६४ वर आणा. पॉवर कमी केल्यावर फोटोतला उजेड वाढला, तर दोषी प्री-फ्लॅशच आहे. दुसरं कारण शोधायची गरज नाही.

आपला कॅमेरा किती वेळा चमकतो ते मोजा

पुढचे सगळे उपाय या एका आकड्यावर अवलंबून आहेत, म्हणून अंदाजावर राहू नका. फोनमध्ये २४० फ्रेमचं स्लो मोशन असेल तर खोलीत अंधुक उजेड ठेवा (फार उजेड असेल तर फोनचं शटर वेगवान होतं आणि एखादी चमक दोन फ्रेमच्या मधे निसटू शकते), कॅमेरा भिंतीकडे धरा, आणि फोनने भिंतीचं चित्रण करत फोटो काढा. २४० फ्रेमला प्रत्येक फ्रेम साधारण ४ मिलिसेकंदांची असते, त्यामुळे प्री-फ्लॅश आणि मुख्य चमक सहज वेगळ्या दिसतात. चमक पूर्ण फ्रेमवर न दिसता आडवा पट्टा दिसला तरी गोंधळू नका. फोनचा सेन्सर ओळीओळीने वाचला जातो म्हणून तसं होतं.

स्लेव्हचे दोन मोड असतात: एस१ पहिल्याच चमकीला चमकतो, एस२ पहिली सोडून दुसरीला. एकच चमक दिसली तर स्लेव्ह एस१ वर हवा. दोन दिसल्या तर एस२ वर. तीन किंवा जास्त दिसल्या तर बहुधा रेड-आय रिडक्शन (फोटोत डोळे लाल येऊ नयेत म्हणून आधी चमका मारण्याची सोय) चालू आहे. ते आधी बंद करा आणि पुन्हा मोजा. रेड-आयच्या चमका चालू असताना एस२ सुद्धा चुकतो, कारण तो फक्त पहिली चमक सोडतो आणि दुसरीला चमकतो.

स्लो मोशन नसेल तर आरसा चालतो. कॅमेरा आणि बाहेरचा फ्लॅश दोन्ही आरशात दिसतील असे उभे राहा, फ्लॅशचं तोंड आरशाकडे वळवा आणि फोटो काढा. फोटोतल्या आरशात फ्लॅशचं डोकं पांढरंफटक दिसलं तर वेळ जुळली. काळं दिसलं तर नाही. उपाय केल्यावर खात्री करायलाही हीच सर्वांत सोपी पद्धत.

पहिली पसंती: प्री-फ्लॅशच बंद करा

कॅमेऱ्यात अंगच्या फ्लॅशला मॅन्युअल पॉवर देता येत असेल, तर दुसऱ्या कुठल्या उपायाकडे जाऊच नका. पॉवर आधीच ठरलेली असली की कॅमेऱ्याला मोजायला काही उरत नाही, म्हणून प्री-फ्लॅशही होत नाही.

कॅननच्या पॉवरशॉट जी आणि एस मालिकेतल्या बहुतेक कॅमेऱ्यांत हे आहे. कॅमेरा एम (मॅन्युअल) मोडवर घ्या, मेन्यूतल्या फ्लॅश सेटिंगमध्ये जा, फ्लॅश मोड ऑटोवरून मॅन्युअलवर न्या आणि तीन पातळ्यांपैकी सर्वांत खालची निवडा. स्लेव्हला जागं करायला एवढी चमक पुरते, आणि फोटोत अंगच्या फ्लॅशचा उजेडही कमीत कमी येतो. त्याच पानावर रेड-आय लॅम्प आणि सेफ्टी एफई असतील, दोन्ही बंद करा. सेफ्टी एफई चालू राहिला तर जास्त उजेड वाटल्यावर कॅमेरा आपण ठरवलेली सेटिंग स्वतःच बदलू शकतो, आणि मग दोन फोटो सारखे का येत नाहीत हे शोधत बसावं लागतं.

मेन्यूत मॅन्युअल पॉवर नसलेल्या जुन्या, साध्या पॉवरशॉटसाठी सीएचडीके हे मोफत सॉफ्टवेअर आहे. ते एसडी कार्डावरून चालतं, कॅमेऱ्यातलं मूळ फर्मवेअर बदलत नाही, आणि त्यात फ्लॅश सक्तीने मॅन्युअल करण्याची सोय आहे. मात्र ते नेमक्या मॉडेलसाठी आणि नेमक्या फर्मवेअर आवृत्तीसाठी बनवलेलंच घ्यावं लागतं.

फुजीफिल्म एक्स१००टी आणि एक्स१००एफ मध्ये फ्लॅशच्या पर्यायांत कमांडर आहे. तो अशाच कामासाठी दिलेला आहे. तो निवडा आणि स्लेव्ह एस१ वर ठेवा.

मॅन्युअल पॉवर नाही पण एफई लॉक (फ्लॅशचा उजेड आधीच मोजून पक्का करणारं बटण) आहे, अशा कॅमेऱ्यातही एक वाट निघते. लॉकचं बटण दाबलं की प्री-फ्लॅश तेव्हाच होऊन जातो. स्लेव्ह त्याला चमकेल, चमकू द्या. तीन-चार सेकंद थांबा, फ्लॅशचा रेडी दिवा लागला की शटर दाबा. आता येते ती फक्त मुख्य चमक, म्हणून इथे स्लेव्ह एस१ वर हवा. माणसांच्या फोटोला हे कटकटीचं आहे, कारण पहिल्याच चमकीला त्यांचे डोळे मिटतात. टेबलावरच्या वस्तूंना छान चालतं.

प्री-फ्लॅश बंदच होत नसेल तर

सोनी आरएक्स१०० मालिकेत अंगच्या फ्लॅशला मॅन्युअल पॉवर नाही. कॅमेरा एम मोडवर असला तरी प्री-फ्लॅश होतोच, आणि इथेच बरेच जण फसतात: एम मोड एक्स्पोजरला मॅन्युअल करतो, फ्लॅशला नाही.

अशा कॅमेऱ्याला एस२ हवा. योंगनुओ वायएन५६० आणि गोडॉक्स टीटी६०० या स्वस्तातल्या फ्लॅशमध्ये एस१ आणि एस२ दोन्ही आहेत. कॅमेऱ्याचा फ्लॅश ऑटोवर न ठेवता फिल-फ्लॅशवर ठेवा, म्हणजे उजेड असो-नसो तो चमकेल. फ्लॅश कॉम्पेन्सेशन, म्हणजे फ्लॅशचा जोर कमी-जास्त करण्याची सेटिंग, जितकं खाली जातं तितकं न्या.

एस२ मधला एक कच्चा दुवा लक्षात असू द्या. तो चमका मोजतो. मधेच कुणीतरी दुसऱ्या कॅमेऱ्याचा फ्लॅश मारला, तर मोजणी पुढे सरकते आणि आपल्या पुढच्या प्री-फ्लॅशलाच तो चमकून जातो. एकाएकी जुळणी बिघडली तर काही सेकंद थांबा, नाहीतर फ्लॅश बंद करून पुन्हा चालू करा. लग्नमांडवात चार-पाच जण फ्लॅश मारत असतील तिथे ऑप्टिकल स्लेव्हचा नाद सोडावा, मग तो एस१ असो की एस२. इतरांच्या चमकांनाच तो सेल संपवून बसतो. पाहुण्यांच्या मोबाइलच्या एलईडी दिव्यांचा सहसा त्रास होत नाही, कारण त्यांचा उजेड झेनॉन ट्यूबसारखा एका झटक्यात उसळत नाही.

फ्लॅशमध्ये एस२ ही नसेल, फक्त साधा स्लेव्ह असेल, तर ट्रायपॉडवर ठेवून वस्तूंचे फोटो काढण्यापुरती एक युक्ती आहे. खोलीत पूर्ण अंधार करा, कॅमेऱ्यात रिअर सिंक निवडा, शटर १ ते २ सेकंद ठेवा. प्री-फ्लॅश सुरुवातीला होऊन जातो, मुख्य चमक शटर बंद होता होता येते. मधल्या वेळात १/८ किंवा त्याहून कमी पॉवरवरचा फ्लॅश पुन्हा भरतो आणि मुख्य चमकीला परत चमकतो. काही कॅमेरे प्री-फ्लॅशही शेवटीच टाकतात, त्यांच्यावर हे चालत नाही. एक फोटो काढला की कळतं.

स्लेव्ह चमकतच नाही तेव्हा

हा वेगळा बिघाड आहे, वरच्याशी मिसळू नका. फ्लॅशच्या पुढच्या अंगावर गडद लाल खिडकी असते, त्यामागे किंवा तिच्या जवळ सेन्सर असतो. ती बाजू कॅमेऱ्याकडे हवी. अंग कॅमेऱ्याकडे आणि फिरणारं डोकं विषयाकडे, अशी रचना करा. उलटं केलं की घरात भिंतींवरून परतलेल्या उजेडावर काम भागतं, पण मोकळ्यावर गेलं की फ्लॅश मुका होतो. घरात जमलं ते अंगणात जमत नाही, या तक्रारीचं कारण बहुधा हेच असतं.

भर उन्हात अडचण आणखी वाढते. सेन्सरवर आधीच एवढा उजेड असतो की कॅमेऱ्याची छोटी चमक त्यात जाणवत नाही. काळ्या कार्डशीटची दोन-तीन इंच लांबीची नळी करून सेन्सरवर बसवा आणि तिचं तोंड कॅमेऱ्याकडे ठेवा. ऊन अडतं आणि अंतराचा पल्ला बराच वाढतो.

त्याहून पक्का उपाय पाण्याखाली फोटो काढणारे वापरतात. हाउसिंगमधल्या (पाणी न शिरणाऱ्या पेटीतल्या) कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याच्या फ्लॅशपासून बाहेरच्या स्ट्रोबपर्यंत, म्हणजे फ्लॅशपर्यंत, ते फायबर ऑप्टिक केबल नेतात. जमिनीवरही तेच करता येतं. टीव्हीच्या ऑप्टिकल ऑडिओ केबलमध्ये १ मिमी जाडीचा प्लास्टिकचा फायबर असतो. केबलचं एक टोक कॅमेऱ्याच्या फ्लॅशच्या काचेला टेकवून आणि दुसरं स्लेव्हच्या सेन्सरला टेकवून काळ्या टेपने बंद करा. ऊन, दिशा, दुसऱ्यांचे फ्लॅश, तिन्हींचा प्रश्न मिटतो, आणि कॅमेऱ्याचा फ्लॅश टेपखाली झाकला गेल्याने त्याचा सपाट उजेडही जातो. प्री-फ्लॅश मात्र केबलमधूनही जातो, म्हणून एस१-एस२ चा हिशेब तसाच राहतो.

फ्लॅश झोपी गेला आहे का, हेही बघा. काही मॉडेल थोडा वेळ काम नसलं की बंद पडतात आणि ऑप्टिकल इशाऱ्याने उठत नाहीत. पॉवर सेव्हिंग बंद करून ठेवा.

अंगच्या फ्लॅशचा उजेड फोटोत नको असेल तर

वेळ जुळली की पुढची तक्रार ठरलेली: नाकावर चमक, मागे भिंतीवर कडक सावली. मॅन्युअल पॉवर सर्वांत खाली असेल आणि बाहेरचा फ्लॅश जोरदार असेल, तर हा उजेड जवळपास बुडून जातो. तरी नको असेल तर जुन्या रंगीत फिल्मचा काळा झालेला तुकडा शोधा. स्लाइड फिल्मचा उजेड न पडता डेव्हलप झालेला भाग, किंवा कलर निगेटिव्हचं उजेड लागून काळं झालेलं टोक. दोन थर करून अंगच्या फ्लॅशवर चिकटवा. रंगीत फिल्मचे रंग दृश्य उजेड अडवतात, पण अवरक्त किरण जाऊ देतात, आणि स्लेव्हचा सेन्सर अवरक्त किरणांना चांगला प्रतिसाद देतो. ब्लॅक अँड व्हाइट फिल्म इथे उपयोगाची नाही, कारण तिच्यातली चांदी अवरक्तही अडवते.

फिल्म मिळत नसेल तर स्वयंपाकघरातली फॉइल कार्डावर चिकटवून ४५ अंशांत फ्लॅशसमोर धरा. उजेड विषयाकडे न जाता बाजूच्या स्लेव्हकडे वळतो.

ऑटो फ्लॅशवर असलेल्या कॅमेऱ्यात झाकण लावलं की एक गोष्ट बदलते. प्री-फ्लॅशचा उजेड परत येत नाही, कॅमेऱ्याला विषय फार दूर वाटतो, आणि तो मुख्य चमक पूर्ण जोराने मारतो. स्लेव्हच्या दृष्टीने ते बरंच आहे, पण कॅमेऱ्याची बॅटरी लवकर उतरते आणि दोन फोटोंमध्ये जास्त थांबावं लागतं.

कॅमेऱ्याला हॉट शू असेल तर

कॅनन जी१० पासून जी१६ पर्यंतचे, पॅनासॉनिकचे एलएक्स३, एलएक्स५, एलएक्स७ आणि एलएक्स१००, रिको जीआर, फुजी एक्स१००, सोनी आरएक्स१०० मार्क २, या सगळ्यांना हॉट शू, म्हणजे बाहेरचा फ्लॅश बसवायची डोक्यावरची खाच, आहे. तो असताना ऑप्टिकलच्या मागे लागू नये. साधा, मधली एकच पिन वापरणारा रेडिओ ट्रिगर बसवा. प्री-फ्लॅशचा प्रश्नच उरत नाही, कारण त्या पिनमधून इशारा येतो तो फक्त मुख्य चमकीचा.

तरी फ्लॅश चमकला नाही, तर आधी इलेक्ट्रॉनिक शटर किंवा सायलेंट मोड चालू आहे का ते बघा. त्यात बहुतेक कॅमेरे फ्लॅश तोडूनच टाकतात. कंटिन्युअस ड्राइव्ह, एचडीआर आणि पॅनोरमा यांतही बऱ्याच मॉडेलवर तसंच होतं. काही मॉडेल मेन्यूत फ्लॅश ऑफ असला तर शूलाही इशारा देत नाहीत. एवढं तपासूनही काही होत नसेल तर ट्रिगर शूमध्ये शेवटपर्यंत सरकला आहे का पाहा. एखाद मिलिमीटर मागे राहिला तरी पिन जुळत नाही.

एम मोडवर स्क्रीन काळी दिसते ही तक्रारही इथलीच. कॅमेरा फ्लॅशशिवाय फोटो कसा दिसेल ते दाखवत असतो. मेन्यूत एक्स्पोजर प्रिव्ह्यू किंवा सेटिंग इफेक्ट बंद केला की स्क्रीन उजळते.

या कॅमेऱ्यांतलं लीफ शटर (लेन्समधल्या पात्यांचं शटर) ही मोठी देणगी आहे. फ्लॅश वापरताना एसएलआर १/२०० किंवा १/२५० सेकंदाच्या शटरला अडतो, कॉम्पॅक्ट त्याच्या बराच पुढे जातो, म्हणून दुपारच्या उन्हात आकाश गडद करून चेहरा उजळता येतो. पण १/१००० ला फुल पॉवर वापरली की उजेड कमी का येतो, हा प्रश्न हमखास येतो. फुल पॉवरची चमक साधारण १/३०० सेकंद टिकते, आणि शटर त्याआधीच मिटतं. पॉवर १/४ वर आणा. चमक आखूड होते आणि बहुतेक सगळी शटरच्या आत मावते. शटर आणखी वाढवलं तर पॉवर आणखी उतरवावी लागते. तेव्हा कॅमेऱ्यात एनडी फिल्टर (लेन्समधून येणारा उजेड कमी करणारा) असेल तर शटर न वाढवता तो चालू करणं जास्त शहाणपणाचं.

कुठून सुरुवात करावी

एम मोड, आयएसओ १००, एफ/४, शटर १/२५०, व्हाइट बॅलन्स फ्लॅश, ऑटो आयएसओ बंद. या सेटिंगवर फ्लॅशशिवाय घरातला फोटो जवळपास काळा यायला हवा. तसा आला की फोटोत दिसेल तो सगळा उजेड फ्लॅशचा, आणि चूक कुठे आहे ते लगेच कळतं. बाहेरचा फ्लॅश पांढऱ्या छत्रीतून, विषयापासून दीड मीटरवर, १/८ पॉवरवर. हिशेब असा: ३५ मिमी झूमवर गाइड नंबर (फ्लॅशच्या जोराचा आकडा, त्याला मीटरमधल्या अंतराने भागलं की एफ आकडा मिळतो) ३५ धरला तर १/८ ला तो साधारण १२ होतो, दीड मीटरला भागून एफ/८, आणि छत्री दोन स्टॉप खाते (एक स्टॉप म्हणजे उजेड निम्मा), म्हणून एफ/४. बहुतेक कॉम्पॅक्टचा सेन्सर छोटा असल्याने एफ/४ ला पैठणीच्या पदरापासून निऱ्यांपर्यंत सगळं नेटकं येतं. एसएलआरला त्यासाठी एफ/११ आणि आठपट पॉवर लागली असती.

दोन सावधगिऱ्या. घरात पडून असलेला फिल्म जमान्यातला फ्लॅश थेट हॉट शूवर चढवू नका. जुन्या काही फ्लॅशच्या पिनवर २०० व्होल्टच्याही पुढे ताण असतो आणि तो कॅमेऱ्याचं सर्किट जाळू शकतो. मल्टिमीटर डीसीवर ठेवून, फ्लॅश चालू करून, रेडी दिवा लागल्यावर मधली पिन आणि बाजूची पट्टी यांच्यात मोजा. ६ व्होल्टपेक्षा जास्त निघाला तर तो फ्लॅश वेगळ्या ऑप्टिकल स्लेव्हवरच वापरा, आणि तो स्लेव्हही तेवढा व्होल्टेज सोसणारा आहे ना, ते त्याच्या माहितीपत्रकात बघा.

आणि सेल. चारही निकेल मेटल हायड्राइड, एकाच कंपनीचे, एकाच वेळी घेतलेले, एकत्र चार्ज केलेले असावेत. त्यातला एक कमजोर असला तरी रेडी दिवा उशिरा लागतो आणि जुळणी बिघडल्यासारखी वाटते. पावसाळ्यात कोकणात किंवा मुंबईत सेल फ्लॅशमध्ये ठेवून दिले, तर स्प्रिंगवर हिरवट-पांढरा थर धरतो. तो खोडरबराने घासून, आयसोप्रोपिल अल्कोहोलच्या बोळ्याने पुसा, आणि काम झालं की सेल काढून वेगळे ठेवा.